बटण बंद केल्याशिवाय शटर ओढू नये

आमच्या ह्यांचा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा, पण खरं तर जिन्यांचा. दंतवैद्य दुसऱ्या मजल्यावर, छापखाना गच्चीखाली, औषधवाल्याने तर कॉम्प्युटर पोटमाळ्यावर ठेवलेला. आयुष्यभर चढउतार करून गुडघे गेले. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता जिना विसरा. हे भिंतीकडे तोंड करून पडले. त्यात औषधवाला नवा माणूस शोधतोय, असं कानावर आलं. गिऱ्हाइकं गेली तर ह्यांच्यात काही उरणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

दीर म्हणाला, "दादाने घरी बसून काम करावं. दुसऱ्याचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर दिसतो, माउसही आपलाच चालतो." वर हसून म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकायच्या!" मला मुळीच हसू आलं नाही. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याला उंट सुचतात.

मग सॉफ्टवेअर शोधणं आलं. पहिलं फुकट होतं. फुकट कसलं, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! दंतवैद्यांचं काम अर्ध्यावर असताना पडदा बंद, आणि वर पाटी, तुम्ही हे धंद्यासाठी वापरताय, पैसे भरा. अहो, सांगायचं तर आधी सांगा, दाताला चिमटा लावल्यावर काय सांगता? दुसऱ्याचे पैसे कॉम्प्युटरमागे, दरमहा. छापखान्याच्या मागच्या खोलीतलं ते खोकडं वर्षातून एकदा रडतं, त्याचंही भाडं आम्हीच भरायचं? फोन केला तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, मोठी योजना घ्या, परवडेल. कोणाला परवडेल ते काही बोलली नाही.

शेवटी ह्यांनीच एक शोधून काढलं. काम करणारा माणूस एक, तर पैसे एकाचेच, पलीकडे कॉम्प्युटर कितीही असोत. फोनवर सांगून सांगून ह्यांनी ते सगळ्यांकडे बसवून घेतलं. दुकानं बंद झाली की रोज संध्याकाळी सगळ्यांची साफसफाई करायची, असं ठरलं.

पहिल्याच संध्याकाळी बघतो तर काय, प्रत्येक नावापुढे राखाडी ठिपका. एकही कॉम्प्युटर चालू नाही.

मी फोन लावले. सगळ्यांचं उत्तर एकच. "काकांचीच चिठ्ठी आहे ना बोर्डावर? बटण बंद केल्याशिवाय शटर ओढू नये."

खरंच होतं. एकदा कुठेशी वायर जळली, तेव्हापासून ह्यांनी ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून सगळ्या गिऱ्हाइकांकडे चिकटवली होती. स्वतःच्याच पायावर धोंडा, तोही ऑपरेशन झालेल्या. "मग काढा आता ती," मी म्हटलं. तर म्हणे, काकांनी लावलेली आम्ही कशी काढायची? माझं डोकंच फिरलं. काकांचा शब्द एवढा मोठा, तर नवा माणूस कशाला हवा होता?

दुसऱ्या दिवशी मीच निघाले आणि नखांनी एकेक चिठ्ठी खरवडून काढली. छापखान्याच्या जिन्यात धाप लागली तेव्हा मला ह्यांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं हा माणूस हे चढत होता आणि घरी येऊन एक अक्षर बोलला नाही.

संध्याकाळी ठिपके हिरवे झाले. औषधवाल्याचाही झाला. ह्यांनी तो उघडला आणि हे थबकले. तिकडचा बाण आपोआप हलत होता. मी फोन लावला.

"काकू, बटण चालू ठेवून शटर ओढवेना," औषधवाला म्हणाला. "काही जळलं तर? म्हणून इथंच बसलोय."

नवा माणूस शोधणारा तो हाच. माझ्या ओठांवर चांगलं खरमरीत आलं होतं. पण ह्यांनी पलंगावरून हात पुढे करून फोन घेतला.

"तुम्ही जा घरी," हे म्हणाले. "मी आहे इथे."

पडद्यावरचा बाण थांबला. जरा वेळाने फोनमध्ये शटर ओढल्याचा आवाज आला.