आधी कोणी चाटले

मेथी निवडतानाचा वास आला की आमच्या घरी तो जुना वाद पुन्हा उभा राहतो. जोडीदारीण गेल्यावर आमच्या पांढऱ्या सशाने खाणे सोडले होते, म्हणून सुनेने नावडे गावाहून एक तपकिरी सशीण आणली. दोघांचे जमले नाही, तर संध्याकाळी ती परत जाणार होती. फ्लॅटचा प्रत्येक कोपरा पांढरा आपला मानत असे, म्हणून मी दोघांना त्याने कधी न पाहिलेल्या कोरड्या न्हाणीघरात सोडले आणि मेथीची जुडी घेऊन मधे पाटावर बसलो. थोड्या वेळाने दोघांनी एकमेकांसमोर माना खाली घातल्या. "अहो बघा, नमस्कार करतायत. जमली सोयरीक," पत्नी दारातून म्हणाली. "नमस्कार कसला? दोघंही हुकूम सोडतायत, आधी तू माझं डोकं चाट म्हणून," मी म्हणालो. "म्हणजे तुमच्यावरच गेलेत, बाबा," सून म्हणाली. बराच वेळ कोणीच हलले नाही. अखेर पांढऱ्याने तिचे कपाळ चाटले आणि मग माझ्या हातातले मेथीचे पान खाल्ले. घरचे म्हणतात, त्याने माघार घेतली. साफ चूक. मी हातभर अंतरावर बसलो होतो. ती आपल्याजवळ राहावी, म्हणून त्याने पूर्ण विचारांती घेतलेला तो निर्णय होता. हे मी आजही ठणकावून सांगतो, आणि वाद संपला की पत्नीपुढे चहाचा कप मीच आधी सरकवतो.