दोराचं अलीकडचं टोक

उत्तर ध्रुवाकडच्या त्या गावात आमच्या नाटकाच्या पेट्या विमानातून उतरल्या की तिथला शिकारी कौताक त्या आपल्या लाकडी घसरगाडीवर रचायचा, गाडी बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलला दोराने बांधायचा आणि थेट सभागृहाच्या दारात आणून सोडायचा. भाडं म्हणून पहिल्या रांगेतल्या दोन जागा. एक त्याची, एक त्याच्या बायकोची, उलायुकची. तिचं हसू असं खणखणीत, की विनोद फेकला की मी थांबून तिची वाट पाहायचो. रंगमंच सुटला, ते हसू अजून कानात आहे. पुढे ते बंद पडलं, त्याची ही हकीकत.

शिकारीला जाताना घसरगाडीच्या पुढच्या टोकाला, मालाला पाठ टेकून उलायुक बसायची. मांडीखाली चाकू. समुद्रावरचा बर्फ वसंतात पोटातून झिजतो, वरून कळत नाही. स्नोमोबाइलचं मशीन खाली गेलं तर दोर मागच्या गाडीलाही ओढून नेतो. म्हणून दोर लांब ठेवायचा, आणि वेळ आली तर मागे बसणाऱ्याने तो कापायचा. लग्नाआधी मुलीचं शिवणकाम बघतात. कौताकने म्हणे तिला चाकूला धार लावून दाखवायला सांगितली होती.

निघताना दरवेळी तोच संवाद.

"अगं, कापशील ना?"

"दोर नवाकोरा आहे हो. तुम्हीच जुने झालात. बघते कुणाला ठेवायचं ते!"

त्या वसंतात ते सीलच्या शिकारीवरून परतत होते. गाडीत मांस, तंबू आणि दिवस भरत आलेली लेक सीपा. गावातली घरं दिसू लागली होती. मध्ये बर्फाचा एक पट्टा होता, खालून जोराचा प्रवाह असलेला. कौताक तो नेहमी वळसा घालून टाळायचा. त्या दिवशी सीपाला कळा सुरू झाल्या, म्हणून त्याने मशीन सरळ घातलं.

बर्फाने आवाजसुद्धा केला नाही. मशीन नाकाकडून पाण्यात गेलं. कौताक पाण्यात फेकला गेला आणि त्याच्या हाती दोर लागला. त्याच दोराने बुडतं मशीन त्यालाही खाली ओढत होतं, आणि गाडी भोकाकडे सरकत होती. त्याच्या भुवयांवरचं पाणी उलायुकला दिसत होतं, इतका तो जवळ होता.

"काप!"

"आधी हात द्या!"

"अगं, पोरगी आहे मागे! काप!"

तिने कापला.

गाडी थांबली. ती पालथी होऊन सरपटत कडेशी गेली. पाण्यावर फक्त हातमोजा होता, तिनेच शिवलेला.

गावाने तिला दोष दिला नाही. कोण देणार? पण एका मेजवानीत गोठलेलं मांस कापायची वेळ आली, तेव्हा कौताकची बहीण आर्नाक म्हणाली, "वहिनीला द्या. तिचा हात चांगला चालतो." त्यानंतर उलायुकने चाकू धरला नाही. पुढ्यात येईल ते दातांनी तोडायची.

सीपाला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं कौताक. मेलेल्याचं नाव बाळाला दिलं की ते माणूसच परत येतं, आणि नातंही त्याचंच लागतं. म्हणून उलायुक कातड्यात गुंडाळलेल्या नातीला "अहो" म्हणू लागली, आणि पोर बोलू लागली तशी आजीला "अगं". उलायुक तिला सारखी विचारायची, "अहो, राग आहे का माझ्यावर?"

"भूक आहे," पोर म्हणायची.

परवा मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. पोरीने सीलच्या जबड्याची घसरगाडी केली होती. दोरीचं एक टोक जबड्याला, दुसरं स्वतःच्या कमरेला. खुर्च्यांमधून पळता पळता जबडा अडकला, ती आपटली आणि दोरी कमरेत रुतली.

"अगं, काप ना!"

उलायुकच्या हातातला कप कलंडला. मी उठून चाकू शोधायला लागलो. तिने हाताने मला थांबवलं. गुडघ्यांवर बसली आणि गाठ दातांत धरली.

"काप! लवकर!"

"थांबा हो," ती गाठीआडून पुटपुटली. "सोडवते."