फरशीखालचा थर्माकोल

दादाच्या नव्या घरात फरशीखाली चुकीचा थर्माकोल गेला तो माझ्या सांगण्यावरून. आणि मी ते जाणूनबुजून सांगितलं होतं.

अंबडला शीतगृहांच्या थर्माकोल भरलेल्या भिंती बनवणाऱ्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. नव्वदीच्या दशकात माझं घर झालं. वास्तुशांत मार्गशीर्षात, फरशी गारठलेली. पंगतीत मी वरण वाढत होतो, तेवढ्यात दादा मोठ्यानं म्हणाला, "मंडळी, मांड्या सांभाळा! लोकांची द्राक्षं गार ठेवता ठेवता आमच्या धाकट्यानं पाहुण्यांचीही सोय केलीय!"

पंगत खदखदून हसली. माझे सासरेसुद्धा. हसल्या नाहीत त्या फक्त वहिनी. त्यांनी निमूटपणे आतून सतरंज्या आणल्या. मी वाढत राहिलो, पण ते हसू मी जपून ठेवलं.

काही वर्षांनी दादानं इगतपुरीच्या रस्त्याला घर बांधायला काढलं. उन्हाळ्यात कूलर नको, हिवाळ्यात हीटर नको, असं घर. "फरशीखाली काय घालू ते तू सांग," म्हणाला. "फक्त तुझ्या घरासारखं नको!"

जोत्यावर मी दोन तुकडे ठेवले. एक जड, दाट, वजन पेलणारा. दुसरा टीव्हीच्या खोक्यात येतो तसला हलका. हलक्यावर बोट ठेवून म्हटलं, "हाच घाल."

त्यानं अंगठा दाबला. खळगा पडला. "दबेल का रे हे?"

"वर काँक्रीट पडलं की घट्ट होतं."

त्यानं लगेच मान डोलावली. माझ्या कामातला माझा शब्द तो कधीच तपासत नसे. घरापर्यंत मी स्कूटरवर शीळ घालत आलो.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याची फरशी खचू लागली. मी मुद्दाम बघायला गेलो. टाच आपटली, तर खालून पोकळ आवाज आला. इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. गवंड्याला शिव्या देणाऱ्या दादाला मीही साथ दिली.

मग एका सकाळी स्वयंपाकघरातली हललेली फरशी वहिनींच्या पायाखाली कलली. त्या पडल्या, मनगट मोडलं.

मी गेलो तेव्हा प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या. दादा छिन्नीनं फरशा उखडत होता. खालचा थर्माकोल पापडासारखा चपटा झालेला. मला बघून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जपून या हं, तिथली हलते."

मला पुढे पाऊल टाकवेना.

"दादा, गवंड्याची चूक नाही. हे दबणार हे मला ठाऊक होतं."

त्याची छिन्नी थांबली. "मी विचारलं होतं तुला."

"विचारलं होतंस. पंगतीत हसलास त्याचा राग होता. तो अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? पण वहिनी," मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला, "तुम्ही सतरंज्या आणल्या होत्या. तुमचा हात मी मोडला. मला माफ करा."