राखून ठेवलेली पानं

कादंबरी वाचणं हा रिकामटेकड्यांचा धंदा, असं मी बायकोला ठणकावून सांगायचो. मी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुणारा. माझं वाचन पगाराच्या चिठ्ठीपुरतं. एके वर्षी तिला क्षय झाला. आमच्या कारखान्यातलं औषध या रोगाला चालत नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मग तिनं अंथरूण धरलं आणि वाचनालयातली एक जाडजूड कादंबरी उशाशी घेतली.

निम्मी झाली तोच वाचनालयाला आजाराचा सुगावा लागला. त्यांचा माणूस आला, चिमट्यानं पुस्तक उचललं आणि आमच्याच परसात जाळलं. माझं टाळकंच सणकलं! वाचनालयात जाऊन मी तोंड सोडलं. चिटणीस शांतपणे म्हणाले, "दुसरी प्रत आहे. इथं बसून वाचा, घरी न्यायची नाही."

मग काय! शिफ्ट सुटली की मी तिथं बोट फिरवत वाचायचो आणि घरी येऊन नायिकेचं पुढं काय झालं ते तिला सांगायचो.

"लुगडं कुठलं नेसली होती ती?"

"लिहिलं न्हाई."

"लिहिलं असणार. तुमीच गाळलं."

दुसऱ्या दिवशी पाहावं तर लिहिलेलं! हळूहळू मलाच नाद लागला. एका रविवारी मी शेवटापर्यंत वाचून काढली, शेवटी तर रडलोसुद्धा.

घरी येताना मनात आलं, गोष्ट बाकी आहे तोवर ही जायची नाही. वेडी आशा, दुसरं काय? मी रोज चिमूटभर सांगायला लागलो. नायकाला भेटायला निघालेल्या नायिकेची बैलगाडी चार दिवस वाटेतच ठेवली.

"अवो, बैलं मेली का काय?" ती हसायची, मग खोकत राहायची.

एका सकाळी मी डबा घेऊन निघालो, तर तिनं सदऱ्याची बाही धरली. "त्यांची गाठ पडती का, येवढंच सांगा."

पडत होती. मला ठाऊक होतं.

"संध्याकाळी सांगतो," मी म्हणालो. म्हटलं, संध्याकाळपर्यंत तरी थांबेल.

जेवणाच्या सुट्टीतच निरोप आला. जन्मात इतका चिक्कूपणा मी कधी केला नव्हता.

तिला उचलायच्या आधी मी तिच्या कानाशी वाकलो. "पडती गं गाठ," म्हणालो. लोकांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. क्षयाच्या माणसाच्या इतकं जवळ जाऊ नये, म्हणाले.