दिराचं शुद्ध लिनन

माझा धाकटा दीर पुढारी होऊ पाहणारा माणूस. केजमध्ये कुणाचं काय काम अडलंय याची त्याला खबर नसायची, पण कुठल्या नेत्यानं कोणत्या रंगाचं लिनन घातलं होतं, ते बिनचूक सांगायचा.

सासऱ्यांसाठी मी कॉटन-लिननचं कापड आणून दोन सदरे शिवून घेतले, तेव्हा त्यानं मेलेला उंदीर धरावा तसा एक सदरा चिमटीत धरला.

"वहिनी, हा मिक्स माल कावून आणला? भेसळ हाय ही."

"मामांना उन्हात रानात जायचं असतं, भाऊजी. स्टेजवर न्हाई."

सासऱ्यांना सदरे आवडले. सुतामुळे कापड मऊ, लिननमुळे अंगाला वारा लागायचा, घामानं पाठीला चिकटत नव्हतं. दगडावर आपटून धुतलं तरी विरलं नाही. दिराच्या शर्टांना मात्र माझ्या जावेनं रोज खळ घालायची आणि त्याच त्या घडीवर कडक इस्त्री फिरवायची. नुसतं लिनन अशानं घडीवर मोडतं, हे मी सांगून पाहिलं. मला कोण विचारतो? मी पडले बँकेतली कारकून.

धर्मापुरीच्या एका लग्नात नवरदेवाला हार घालायला त्यानं हात वर केले आणि बाही घडीवर कोपरापर्यंत सरळ फाटली. फोटोवाला समोरच. दुसऱ्या हातानं कोपर झाकत स्वारी खाली उतरली. मला हसू आलं, ते मी लपवलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी बँकेतून आले तर सासरे ओट्यावर बनियनवर बसलेले.

"सदरा कुठंय, मामा?"

"त्यानं नेला. उद्घाटन हाय म्हनं कसलं तरी. दुसरा वल्ला हाय अजून."

बापाच्या अंगावरचा सदरा उतरवून नेणारा हा पुढारी! तेवढ्यात तो आलाच, दारात दोन कार्यकर्त्यांना सांगत, "प्युअर लिनन हाय. अंगावर कळत बी न्हाई बे."

"भाऊजी," मी त्यांच्यासमोरच म्हटलं, "मामांचा सदरा काढा."

"वहिनी लई चेष्टा करतात," असं म्हणत तो हसला, पण कान लाल झाले होते. आत जाऊन त्यानं सदरा खुर्चीवर भिरकावला. सासऱ्यांनी तो झटकला, अंगात घातला आणि ते गुरांना पाणी पाजायला निघून गेले.