फक्त चेअरमनलाच बसणारा करंट

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण हे एक प्रकरण आठवलं की मला आजही आधी हसू येतं, आणि नळाला हात लावण्यापूर्वी नजर आपोआप पायांकडे जाते. पायात चपला आहेत ना, एवढं बघून घेतो.

तेव्हा केज तालुक्यातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. दुष्काळाचं साल. गावात टँकर, छावणीत जनावरं, आणि ठाण्यातल्या निम्म्या तक्रारी पाण्यावरून झालेल्या मारामाऱ्यांच्या. आमच्या ठाण्यालाही टँकरचंच पाणी. त्यातली एक बादली रोज सकाळी वायरलेस सेटच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलीच पाहिजे, असा वायरलेस ऑपरेटरचा हट्ट होता. माणसाला प्यायला नाही आणि खड्ड्याला कुठून द्यायचं, म्हणून हवालदार त्याच्याशी भांडायचा. हजेरी झाली की हे भांडण ठरलेलं. मी त्यात पडत नसे.

अशाच एका सकाळी जवळच्या गावातल्या दूध संस्थेचे चेअरमन आले. वजनदार गृहस्थ, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि पाय अनवाणी. संस्थेच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी माइकवरून जाहीर केलं होतं की पाऊस पडेपर्यंत पायात वहाण घालणार नाही. सभेत टाळ्या पडल्या, पाऊस काही पडला नाही. आता शब्द मोडायची सोय उरली नव्हती आणि तळपायांना भेगा पडल्या होत्या.

त्यांची तक्रार सरळ होती. चुलतभाऊ आपल्याला विजेचा धक्का देऊन मारायला बसला आहे. संस्थेच्या निवडणुकीत या भावानं विरोधी पॅनल उभं केलं होतं आणि पडला होता. दोघांची घरं एका भिंतीची, पण निवडणुकीपासून बोलणं बंद. चेअरमनच्या न्हाणीतल्या नळाला आता रोज सकाळी करंट येत होता.

मी विचारलं, घरात बाकी कुणाला बसतो का?

“तेच तर हाय, साहेब. बायकोला बसत न्हाई, सुनंला बसत न्हाई, गड्याला बसत न्हाई. मलाच कावून बसतो? माझ्यावरच नेम धरलाय त्यानं.”

वायरमनला का बोलावलं नाही, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. गावचा वायरमन भावाच्या पॅनलचा होता. त्याला घरात घेऊन मीटर दाखवायचं म्हणजे चोराला किल्ली देण्यासारखं झालं असतं. संध्याकाळपर्यंत खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला नाही, तर बीडला जाऊन वरिष्ठांना भेटू, असं सांगून त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला.

मी हवालदाराला घेऊन पाहणीला गेलो. न्हाणीच्या दाराशी रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला होता. शेजारच्या हौदात टँकरचं पाणी, त्यावर मोटार, आणि मोटारीपासून नळापर्यंत लोखंडी पाइप. चेअरमननं मोटार चालू केली. हवालदारानं बुटासकट आत जाऊन नळ धरला, काही झालं नाही. मी धरला, काही झालं नाही. मग चेअरमननं ओल्या फरशीवर उभं राहून नुसतं बोट टेकवलं आणि हात झटकत मागे माझ्या अंगावर आले. ढोंग नव्हतं ते, माणूस खरोखर थरथरत होता. पोलिसाला धरत नाही आणि चेअरमनला सोडत नाही, असा करंट मी तोवर पाहिला नव्हता. असं पुन्हा करायला लावायचं नाही एवढं मला कळलं. मोटार बंद करायला सांगून मी बाहेर पडलो.

दुपारी आमच्या खबऱ्यानं बातमी आणली. हा तहसील कचेरीसमोर चहा विकायचा आणि जगाची खबर ठेवायचा. काही दिवसांपूर्वी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, चुलतभाऊ चेअरमनच्या न्हाणीमागे पहार घेऊन खणत होता, आणि त्यानं भिंतीलगत काळी वायर पुरली, असं खबऱ्यानं सांगितलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणाला. तक्रार होती, कारण होतं आणि आता साक्षीदारही मिळाला. हवालदार तर कलम लिहायच्या तयारीत बसला.

मी जीप न पाठवता निरोप पाठवून चुलतभावाला बोलावलं. रविवारी त्याच्या मुलीचा साखरपुडा होता, पाहुणे माजलगावकडचे. दारात जीप उभी राहिली असती तर ते लग्न तिथंच मोडलं असतं. तो आला, काटक शेतकरी, डोक्याला पटका. समोर बसला. पाणी दिलं तर प्यायला नाही.

खुनाच्या प्रयत्नाचा आरोप आहे, असं सांगितल्यावर तो ताठ झाला. म्हणाला, भावाला मारायचं असतं तर निवडणुकीआधीच मारलं असतं, नंतर मारून काय उपयोग? तर्क बिनतोड होता. मग मी न्हाणीमागच्या खड्ड्याचा आणि काळ्या वायरीचा विषय काढला. त्याची मान खाली गेली. त्यानं हात जोडले.

“साहेब, रविवारपतोर थांबा. लेकीचा कार्यक्रम होऊ द्या, मग घाला काय घालायचं ते. आमी कबूल हावोत.”

हवालदारानं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. मी म्हटलं, काय कबूल आहे ते नीट सांग.

“पाणी चोरलं, साहेब.”

खुनाचं नाव काढल्यावर ताठ बसलेला माणूस हे सांगताना मात्र रडकुंडीला आला. त्याच्या अंगणात लिंबाचं एकच झाड होतं, सुकत चाललेलं. चेअरमनच्या न्हाणीचं सांडपाणी भिंतीमागे जमिनीत मुरून जायचं. बोलणं असतं तर मागितलं असतं. बोलणं नव्हतं म्हणून त्यानं मोरीच्या तोंडाला ठिबकची काळी नळी जोडून ते पाणी आपल्या लिंबाकडे वळवलं. भावाच्या अंघोळीचं पाणी चोरतो हे गावाला आणि पाहुण्यांना कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही, असं तो म्हणाला. दुष्काळात माणसाला कशाची लाज वाटते हे मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगतो, मला त्याची फार दया आली.

ते पाणी आधी नक्की कुठं मुरायचं, असं मी विचारणार तोच बाहेर ऑपरेटर आणि हवालदाराचा मदतनीस यांचं भांडण पुन्हा पेटलं. सकाळची बादली ओतायची राहिली होती. ऑपरेटर ओरडत होता की खड्डा कोरडा पडला तर अर्थिंग असून नसल्यासारखं आहे. मी खुर्चीतून उठलो. चुलतभावाला विचारलं, नळी पुरताना तिथं जमिनीत दुसरी काही तार लागली का?

हो म्हणाला, एक जाड तार जमिनीत जाताना दिसली होती, तिला त्यानं हातही लावला नव्हता.

केजहून कोणत्याच पॅनलचा नसलेला एक परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणला. त्यानं आधी मेन स्विच बंद केला आणि मग मोटार उघडली. आतल्या वायरचं आवरण झिजून वीज मोटारीच्या बॉडीत आणि तिथून पाइपात उतरत होती. न्हाणीमागची ती जाड तार मोटारीच्या अर्थिंगची होती; तिचा खड्डा सांडपाण्यानं ओला होता तोवर ही वीज जमिनीत जात होती. सांडपाणी लिंबाकडे गेलं, खड्डा वाळला आणि वीज नळावरच थांबली. फ्यूज तरी उडायला हवा होता, म्हणून त्यानं फ्यूज काढून पाहिला. आत बोटाएवढी जाड तार. ही कुणी घातली, असं विचारल्यावर घरातले सगळे चेअरमनकडे बघायला लागले. सारखा फ्यूज उडतो म्हणून त्यांनीच इलाज केला होता.

मग त्यांच्या पत्नीनं सांगितलं, “नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. मनून आमी समद्यांनी रबरी चपला घालायला सुरवात केली. ह्यांना बी सांगितलं, पण ह्यांचा शब्द गेलता ना माइकवरून.”

मी तेव्हापासून ओळखीच्या सगळ्यांना सांगत आलो आहे. नळ, फ्रिज, कूलर, कशालाही हात लावल्यावर मुंग्या आल्या तर चपला शोधू नका, मेन बंद करा आणि जाणकार माणसाला बोलवा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो, जाड तार घालून त्याचं तोंड बंद करू नका. आणि इलेक्ट्रिशियनचं पॅनल विचारू नका. पोलिसाची गोष्टही फार वेगळी नाही. हेतू, साक्षीदार, कबुली, सगळं हातात आलं तरी कशाची कबुली आहे ते विचारून घ्यावं.

काम झालं. वायर बदलली, फ्यूज नीट घातला, खड्ड्यात मीठ, कोळसा आणि पाणी भरलं. सांडपाणी आधी खड्ड्याला आणि उरलेलं लिंबाला, असं ठरलं. इलेक्ट्रिशियननं तपासून मोटार चालू केली. पण चेअरमन काही नळाजवळ जाईनात. अर्जही मागे घेईनात. दाराशी उभे राहून नुसते नळाकडे बघत होते. त्यांची भीती गेल्याशिवाय भावावरचा आरोप जाणार नव्हता आणि रविवार जवळ आला होता.

तेव्हा चुलतभाऊ पुढे झाला. आम्हाला कुणाला काही न विचारता त्यानं पायातल्या चपला बाहेर काढल्या, ओल्या फरशीवर उभा राहिला आणि दोन्ही हातांनी नळ घट्ट धरला.

“धर, दादा. न्हाई बसत.”

चेअरमन हळूहळू पुढे गेले. भावानं धरलेल्या नळावर हात ठेवला, सोडला, पुन्हा ठेवला. मग नळ सोडून त्यांनी तोंडावर पाणी मारलं, आणि मारतच राहिले. डोळे पुसायचे होते की काय, ठाऊक नाही.

“दादा, बास कर आता,” चुलतभाऊ म्हणाला. “किती सांडतोस.”

“सांडू दे. तुझ्याच लिंबाला चाललंय.”

त्यांनी नळ बंद केला, ओल्या हातानं खिशातून पेन काढलं आणि अर्ज मागे घेतल्याची सही केली. कागद माझ्या हातात देताना माझ्याकडे न बघता भावाला विचारलं, “पाहुणे रविवारी किती वाजता यायलेत?”