चंदगडचा बेत

सदर इसम नामे आकाराम ज्ञानू पोवार, वय वर्षे सहासष्ट, धंदा सेवानिवृत्त एसटी चालक, राहणार फुलेवाडी, कोल्हापूर, दुसरा मजला. बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ. ओळखीची खूण: उजवा कोपर डाव्यापेक्षा काळा, कारण नोकरीभर तो खिडकीबाहेर होता. सेवाकाळात अपघात निरंक. कंडक्टरची डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी जागची हलवल्याची एकही नोंद नाही. रेशन कार्डानुसार कुटुंबप्रमुख. कुटुंबातील एकूण व्यक्ती: एक. स्वयंपाक येतो काय: येतो.

शेवटच्या उत्तराला पुरावा जोडलेला नाही.

पुरावा जोडायची वेळ आली ती बायको तानाबाई गेल्यावर. तोवर घरात आकारामचा स्वयंपाकाशी संबंध मटण आणून ओट्यावर पिशवी ठेवण्यापुरता होता. नंतर काही दिवस खानावळीचा डबा आला, काही दिवस खालच्या मजल्यावरच्या प्रियदर्शनी चौगुलेनं आमटी पाठवली. मग मुलगी संयोगिता हिनं डब्लिनमधून ऑर्डर टाकली आणि कुरियरवाल्यानं एक जड खोकं दारात आणून आदळलं. आत स्लो कुकर. काळं लंबगोल भांडं, काचेचं झाकण, पुढं एक बटण. खोक्यावर एका गोऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. आई, बाप, चार पोरं, सगळी त्या भांड्याकडं बघून हसत होती.

"आबा, सोप्पं आहे," संयोगिता व्हिडिओवर म्हणाली. "सकाळी सगळं आत टाकायचं, बटण फिरवायचं आणि विसरून जायचं. संध्याकाळी जेवण तयार."

"दिवसभर?"

"दिवसभर. आणि झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की अर्धा तास वाया."

"आणि बघायचं कसं, काय चाललंय आत?"

"बघायचंच नाही, आबा. त्याचं ते करतं."

ज्या गावात तर्री वर आली का नाही हे बघायला घरातलं प्रत्येक माणूस एकदा तरी झाकण काढतं, त्या गावाला हे सांगणं म्हणजे धाडसच. पण आकारामनं ऐकून घेतलं. मूग केले, डाळ-भात केला, दुधी भोपळा केला. सगळं मऊ शिजायचं, सगळं जास्त व्हायचं. भांड्याला एक माणूस हा हिशोबच ठाऊक नव्हता. सोमवारी केलेले मूग गुरुवारी संपायचे. मिठाचा अंदाज काही येईना, तेव्हा मीठ ताटातच वरून घ्यायचं ठरलं. विसरून जायचं म्हणाली पोरगी, ते मात्र जमलं नाही. दिवसभर घरात तेवढीच एक गोष्ट चालू असायची. आकाराम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसायचा.

भांड्याबरोबर एक पुस्तिका आली होती. तिच्या मधल्या पानावर मांसाचा मोठा गुलाबी तुकडा होता. आकारामला इंग्रजी येत नव्हतं, पण डुक्कर ओळखायला इंग्रजी लागत नाही.

आता हे सांगितलं पाहिजे की पोवारांच्या घरात डुकराचं मटण कधी आलं नव्हतं. तानाबाई त्याचं नावसुद्धा घ्यायची नाही. 'त्ये' म्हणायची. पण आकाराम वर्षानुवर्षं चंदगडची मुक्कामी गाडी चालवायचा. संध्याकाळी गाडी स्टँडवर लावायची आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परतायचं. चंदगडात पाऊस असा की गाडीच्या आतही छत्री लागायची. स्टँडमागं एक पडवी होती, तिथं तीन दगडांची चूल. आठवडी बाजारात 'त्ये' मिळायचं. निखाऱ्यावर टोप चढवायचा, वर झाकण, झाकणावर दगड. चरबी हळूहळू सुटायची. आलं, लसूण, घरची चटणी, भाजलेलं खोबरं, शेवटी चार आमसुलं. वर चंदगडचा जाड लाल भात.

कामाची वाटणी ठरलेली होती. जाळ आकारामचा. तिखट-मीठ कंडक्टरचं. कंडक्टर म्हणजे कोडोलीचा गणपतराव. मीठ शेवटी पडायचं, आणि ते त्यानं चाखूनच. आकारामनं कधी मिठाला हात लावला नाही. ड्रायव्हर तिकीट फाडत नाही, तसंच ते. मग गणपतराव पळीनं टोपाच्या काठावर दोनदा टण-टण वाजवायचा. डबल बेल. जेवण सुटलं.

सकाळी घरी परतलं की दारात गरम पाण्याची बादली तयार असायची. तानाबाई काही विचारायची नाही. "आदी आंगुळ," एवढंच. 'त्ये' खाल्लेलं असलं की बादली, नुसता मुक्काम असला की नाही. तिला कळायचं कसं, हे आकारामनं कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

आता मनाई करणारं कुणी नव्हतं. हीच अडचण होती. पुस्तिकेतलं पान बघून पंधरा दिवस गेले. शेवटी आकारामनं स्वतःशी एक पळवाट काढली. भांडं तानाबाईचं नाही, पोरीचं आहे. आणि गॅलरी म्हणजे काही घर नव्हे. पण एकट्यानं खायचं, हे काही मनाला पटेना. चंदगडात तो एकटा कधी जेवला नव्हता. त्यानं फोन लावला.

"गणपा, रविवारी मोकळा हाईस काय?"

"रिटायर माणसाला काय विचारतोस लेका. का रं?"

"ये जेवाय. चंदगडचा बेत हाय."

पलीकडं कुठंतरी म्हैस ओरडली.

"गणपा? हाईस न्हवं?"

"हाय की," गणपतराव म्हणाला. "येतो. लई दिस झालं भेटून."

आकारामला त्या रात्री चांगली झोप लागली.

'त्ये' कोल्हापुरात एका दुकानात मिळतं. त्या दुकानाचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो आणि रविवारी तिथं रांग असते. आकारामनं पहाटेच जाऊन दोन किलो आणलं. गॅलरीत स्टुलावर कुकर, स्वयंपाकघरापासून तिथवर वायर. तुकडे आत गेले, हळद गेली, चटणी, आलं-लसूण, खोबरं गेलं. पाणी त्यानं रश्श्याच्या मानानं काठोकाठ ओतलं. कोल्हापूरच्या माणसाला कोरडं मटण म्हणजे लग्नात नवरा नसल्यासारखं वाटतं. मिठाची वाटी कठड्यावर ठेवली, गणपासाठी. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, एक बादली भरून दाराशी ठेवली.

बटण फिरवलं. अकरा वाजायला आले तरी पाण्याला आधण नव्हतं. खालच्या गॅलरीतून प्रियदर्शनीनं मान वर केली.

"काका, काय शिजतंय ओ? वास येतोय."

"काजू," आकाराम म्हणाला. "चंदगडचं."

"काजूला लसूण?"

"तिकडं घालत्यात."

प्रियदर्शनी सभ्य होती. तिनं आत जाऊन खिडकी लावून घेतली.

गणपतराव आला तेव्हा ऊन तापलं होतं, आणि त्यानं सदऱ्याची बटणं पार गळ्यापर्यंत लावली होती. दाराशी बादली बघून त्यानं आपलं म्हणून पाय धुतले.

"काय मर्दा," आकाराम म्हणाला, "पोरगी बघाय आलाईस काय? बटण सोड की वरचं. घामानं निथळतंयस."

"ऱ्हाऊ दे. बरं हाय."

"वाळलास लेका."

"तू सुटलाईस. पोट बघ, स्टेरिंगला लागंल."

दोघं गॅलरीत बसले. बोलणं चंदगडला पोचायला वेळ लागला नाही. गळकी गाडी, वायपर बंद पडल्यावर पाणी घसरावं म्हणून गणपतरावानं काचेवर घासलेली तंबाखूची पुडी, घाटात रस्त्यावर बसलेला गवा आणि त्याला शेवटी टिंग-टिंग करून उठवणारा गणपतराव. आकाराम किती दिवसांनी एवढं बोलला, त्यालाच आठवेना. आवाज चढला होता. खालची खिडकी लावलेलीच होती, ते बरं.

"किती टाईम लागंल ह्याला?" गणपतरावानं कुकरकडं हनुवटी केली.

"दीसभर घेतंय. झाकण काढलं की अर्धा तास लेट, म्हणती पोरगी."

"हां." गणपतरावानं हातातलं घड्याळ बघितलं. "बघ की एकदा. बुडाला लागलं असंल."

आकारामनं झाकण काढलं. लागलं नव्हतं. गरम वाफ वर आली आणि निघून गेली.

पुढच्या गप्पांत गणपतराव अधूनमधून तेच म्हणत राहिला. "बघ की, पानी आटलं असंल." "बघ की, करपल्यागत वास येतोय." आकाराम प्रत्येक वेळी उठायचा, झाकण काढायचा. त्याला बरंच वाटत होतं. आपल्या जाळाची कुणीतरी चौकशी करत होतं. जेवणाची वेळ टळली. तीन वाजून गेले. तुकडा पळीनं दाबला तर अजून रबरासारखा उलटत होता, पण रश्श्यावर तांबूस तेल दिसू लागलं होतं. आकारामनं वाटीत थोडा रस्सा काढला, मिठाची वाटी जवळ ओढली आणि दोन्ही गणपतरावापुढं धरल्या.

"घे. चाख आनि मीठ टाक. तुजं खातं."

गणपतरावानं वाटी घेतली नाही. त्यानं वरचं बटण सोडलं, मग खालचं. गळ्यात तुळशीची माळ होती.

आकारामनं दोन्ही वाट्या कठड्यावर ठेवल्या.

"कवा घातलीस?"

"दोन वर्सं झाली. शालन दवाखान्यात हुती. डाक्टरनं हात टेकलं हुतं. म्हनलं, उठली तर घालतो."

"वैनी उठली?"

"उठली."

"मग बरं केलंस," आकाराम म्हणाला.

तानाबाई दवाखान्यात असताना तोही बाहेरच्या बाकावर बसून होता. आठ दिवस बसून होता. देवाला काही बोलायचं असतं, हे त्याला सुचलंच नव्हतं. तो फक्त आतून कुणी हाक मारतंय का, ह्याची वाट बघत होता.

"फोनवर सांगाय न्हाई आलं तुला?" तो म्हणाला.

"सांगिटलं असतं तर बोलवलं असतंस?"

"बोलवलं असतं की! पिठलं केलं असतं."

"पिठल्याला तू कवा फोन केला असतास?" गणपतराव म्हणाला. "गेल्या तीन वर्सांत केलास काय?"

आकारामनं कुकरकडं बघितलं. मग त्याच्या ध्यानात आलं.

"म्हंजे तू सारकं 'बघ की, बघ की'..."

"मग काय करू? शिजलं असतं तर बोलावं लागलं असतं. माजी साडेचारची गाडी हाय. संध्याकाळचं भजन असतंय. म्हनलं, शिजाय आदीच निघावं. तुजं बी मन मोडाय नको."

आकारामला हसू आलं. गणपतरावालाही आलं. दोघं हसले, पण ते हसणं लवकर संपलं.

आत जाऊन आकारामनं तानाबाईचं ताट काढलं. सकाळी आणलेल्या भाकऱ्या होत्या, दही होतं, शेंगदाण्याची चटणी होती. गणपतराव कुकरकडं पाठ करून नाही, नीट समोर बसून जेवला.

"तू बी घे की," तो म्हणाला. "माज्या म्होरं खा. मला काय हुत न्हाई."

"अजून शिजलं न्हाई."

"मग भाकरी-दही खा."

"भूक न्हाई."

गणपतरावानं ताट स्वतः धुतलं आणि पालथं घातलं. जिन्यावर तो जरा घुटमळला.

"शालन म्हनत हुती, भावजींना एकदा घिऊन या. ये की कोडोलीला."

"येतो की," आकाराम म्हणाला. कोल्हापुरात 'येतो की' म्हणणारी निम्मी माणसं येतात.

अर्ध्या जिन्यात पोचल्यावर गणपतरावानं सवयीनं अंगठी कठड्याच्या लोखंडावर वाजवली. एकदाच. टिंग. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबवा, उतरणारा आहे. आकाराम जिन्याच्या तोंडाशी थांबून राहिला. खालचं फाटक वाजेपर्यंत.

मग कुणी 'बघ की' म्हणालं नाही. झाकण बंदच राहिलं आणि कुकरनं पोरीनं सांगितलं होतं तसं काम केलं. दिवेलागणीला झाकण काढलं तेव्हा तुकडे पळीला लागताच सुटत होते, चरबी वितळून वर आली होती, तर्रीचा लाल थर काठाला टेकला होता. आमसुलं टाकली. वास नेमका तोच होता. पाऊस तेवढा नव्हता.

आकाराम गॅलरीतच मांडी घालून बसला. त्यानं सवयीनं दोन ताटं घेतली होती, एक परत ठेवून आला. रस्सा वाढला, भाकरी मोडली आणि थांबला. खालून टीव्हीचा आवाज येत होता. तो बराच वेळ तसाच बसून राहिला, तर्रीवर साय धरेपर्यंत. थांब्यावर उतारू चढून झाले आहेत, दार लागलं आहे, आणि मागून घंटी काही येत नाही, तसा.

शेवटी त्यानं पळी उचलली आणि कुकरच्या काठावर दोन टोले दिले.

नियमानुसार चालकाला हा अधिकार नाही.

त्यानं पहिला घास घेतला. मटण अळणी होतं.